मागच्या सीटवर सासूबाई

"घ्यावी की न घ्यावी?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

खुर्चीत आडवा पडलेला माणूस पेट्रोल पंपावर कामाला होता. त्याच्या तोंडात कापसाचे दोन बोळे, एक छोटा आरसा आणि लाळ ओढणारी नळी होती. तो म्हणाला, "आऽऽ."

"मलाही तसंच वाटतं," डॉक्टर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. हातातलं यंत्र नुसतंच गुंजत राहिलं. पेशंटने डोळे मिटून घेतले.

गेले तीन महिने हे असंच चाललं होतं. नदीच्या बाजूला, वस्ती संपते तिथे एका शेडमध्ये ती गाडी उभी होती. दोन दारांची कूपे, वय चाळीसच्या पुढे. रंग उजाडण्याआधीच्या आकाशासारखा निळा. छप्पर पुढून वर चढायचं आणि मागे असं अलगद उतरत जायचं, की बघणाऱ्याचा हातही आपोआप हवेत तसाच फिरायचा. डॉक्टर दर रविवारी तिथे जात, ताडपत्री बाजूला करून आत बसत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवत आणि अर्धा तास कुठेही न जाता खूप लांब जाऊन येत.

गाडीच्या मालकांना सगळे दीपगृहवाले म्हणत. सगळी नोकरी त्यांनी नदीच्या मुखाशी, खडकावरच्या दीपगृहात काढली होती. वाट बघायची त्यांना सवय होती, त्यामुळे डॉक्टरांना त्यांनी कधी घाई केली नाही. "बसा हवं तेवढं," ते म्हणत. "ती कुठे जात नाही आणि मीही नाही." लग्न त्यांनी केलंच नव्हतं. दोन दारांचीच गाडी का घेतली, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले होते, "चारची घेतली असती तर तीन रिकामी राहिली असती. दोनची घेतली, एकच राहिलं."

घरी मात्र हा विषय निघाला की हवा बदलायची.

"अहो, आपल्याकडे एक गाडी आहे," बायको म्हणायची. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती आणि तिला सगळ्याचं कारण लागायचं.

"ते वाहन आहे गं. ही गाडी आहे."

"काम काय तिचं?"

"काम नाही काही. म्हणून तर छंद म्हणायचं."

शेवटी एका शनिवारी बायकोने पेपर तपासता तपासता पेन खाली ठेवलं. "मी काही येत नाही बघायला. पाहिली की विरघळेन, मला माझा स्वभाव माहीत आहे. तुम्ही आईला घेऊन जा. आई म्हणेल ते शेवटचं."

सासूबाई बाजूच्याच खोलीत होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडून त्यांचे कान असे तयार झाले होते, की माणूस तिसऱ्या वाक्याला खोटं बोलणार हे त्यांना पहिल्यातच कळायचं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "डॉक्टर, येते मी. पण नाही म्हणायला येतेय, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तोंड पाडायचं नाही."

"आधी बघा तरी, आई."

"बघून नाही म्हणते. न बघता म्हटलं तर अन्याय होईल."

रविवारी सकाळी दोघं शेडवर पोहोचली. सासूबाईंनी गाडीला एक फेरी मारली, चाकाला चपलेने टोचून पाहिलं आणि जाहीर केलं, "मी मागे बसणार. पुढे बसून कुठलीही गाडी चांगलीच वाटते."

मागे बसायचं तर आधी पुढची डावी सीट वाकवावी लागे. तिच्या खांद्यापाशी एक चकचकीत खटका होता, तो ओढला की सीट नमस्कार केल्यासारखी पुढे झुकायची. ड्रायव्हरच्या बाजूची सीट जागची हलत नव्हती. सासूबाई अंगाने भरलेल्या. त्यांनी आधी पाय आत घातला, तो बाहेर काढला. मग डोकं घातलं, तेही काढलं. अखेर पाठमोऱ्या होऊन, पाकिटात पत्र सरकवावं तशा त्या आत सरकल्या. दीपगृहवाले त्यांच्या पुढच्या सीटवर बसले, डॉक्टरांनी किल्ली फिरवली आणि गाडी नदीकाठच्या रस्त्याला लागली.

डॉक्टरांना त्या फेरीतलं नंतर फारसं काही आठवत नव्हतं. झाडं मागे सरत होती, ती सरत असल्याचा आवाज मात्र नव्हता. एक सायकलवाला थांबून बघत राहिला. मागून आवाज आला, "डॉक्टर, गाडी रस्त्यावरच आहे ना? मला नुसतं आभाळच दिसतंय."

"आहे, आई."

"मग ठीक."

फेरी मारून शेडपाशी परत आल्यावर घोळ झाला. दीपगृहवाले उतरले. डॉक्टर वळसा घालून आले, त्यांनी खटका धरला आणि ओढला. किडलेली दाढ मुळासकट हातात यावी तसा तो अख्खाच्या अख्खा त्यांच्या हातात आला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. दीपगृहवाल्यांनी पाहिलं. आतून सासूबाईंनीही काचेतून पाहिलं.

"हे बाहेर यायचं असतं का?" त्यांनी विचारलं.

"जरा थांबा, आई. मुळाशी काही शिल्लक असेल." डॉक्टरांनी खिशातला चाकू काढून भोकात घातला आणि ज्या हाताने तीस वर्षं लोकांचे दात काढले, त्या हलक्या हाताने फिरवला. आत 'खट्' झालं. सीट वाकली नाही, उलट घसरत मागे गेली आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना टेकून तिथेच घट्ट बसली.

"डॉक्टर, तुम्ही दातही असेच काढता का हो?"

मागच्या खिडक्या चार बोटं उघडत, त्याहून जास्त नाही. त्यातून हात येत होता, सासूबाई येणं शक्य नव्हतं. दीपगृहवाल्यांनी आत जाऊन ही गाडी जाणणाऱ्या एकमेव मेकॅनिकला फोन लावला. त्याचं गॅरेज पुलापलीकडे. तो म्हणाला, "घेऊन या. मी आलो असतो, पण माझा पाय प्लास्टरमध्ये आहे."

"म्हणजे मला घेऊन जायचं?" सासूबाई म्हणाल्या. "सामानासारखं?"

"पाहुण्यासारखं," दीपगृहवाले म्हणाले आणि अवघडून पुन्हा त्यांच्या पुढे बसले.

पुलाच्या अलीकडे दोन वळणं राहिली असताना गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि एका मोठ्या झाडाखाली सुस्कारा सोडून उभी राहिली.

"पेट्रोल?" डॉक्टरांनी विचारलं. "काटा तर अर्ध्यावर आहे."

दीपगृहवाले खाकरले. "तो अर्ध्यावरच असतो. त्याला कधी निराश झालेलं मी पाहिलेलं नाही."

डिकीतला रिकामा डबा घेऊन डॉक्टर पायी निघाले. ऊन वाढलं होतं. मागे सासूबाई अडकलेल्या, पुढे दीड किलोमीटर चालायचं आणि घरी बायको वाट बघत असणार. पंपावर पोहोचले तर समोर त्या दिवशी तोंडात कापूस घेऊन पडलेला तोच पेशंट उभा. गाल अजून थोडा सुजलेला होता.

"डॉक्टर, एक सांगू का? रागावू नका," डबा भरता भरता तो म्हणाला. "त्या दिवशी मी 'नको' म्हणत होतो."

"मला 'हो' ऐकू आलं."

"तोंड भरलेलं होतं ना. घेऊ नका हो. या गाड्यांचे पार्ट मिळत नाहीत."

डॉक्टर वाटेने विचार करत राहिले. तीन महिन्यांत निदान चाळीस तोंडांनी त्यांना हो म्हटलं होतं. त्यातले किती 'नको' असतील? बहुतेक सगळेच. डबा जड झाला होता, हाताला वास येत होता, खिशात तुटलेला खटका टोचत होता. नको, असं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलंच.

तेवढ्यात ते वळणावर आले आणि त्यांना गाडी दिसली. झाडाच्या सावलीत ती निळी, गोलसर, पाण्याच्या कडेला विसाव्याला बसलेल्या पाखरासारखी उभी होती. पानांचे कवडसे तिच्या छपरावर हलत होते. काचेतून आत दोन पांढरी डोकी दिसत होती, एकामागे एक. पुढचं किंचित मागे झुकलेलं, मागचं किंचित पुढे. डॉक्टर डबा हातात घेऊन रस्त्यातच उभे राहिले. असं चित्र आपलं असावं, असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तीन महिन्यांचा प्रश्न तिथेच, भर उन्हात सुटला. घ्यायची!

ते जवळ आले तरी आतल्या दोघांना पत्ता नव्हता.

"चेहरा दिसत असता तर मला कळलंच नसतं," सासूबाई सांगत होत्या. "पण मला तुमचा नुसता आवाज येत होता. आधी खाकरायचं, मग बोलायचं. म्हटलं, हे खाकरणं मी एक्स्चेंजच्या लाइनीवर ऐकलंय."

"रोज संध्याकाळी सहाला," दीपगृहवाले समोर नदीकडे बघत म्हणाले. "'दिवा लागला.'"

"आणि मी म्हणायची, 'नोंद केली.' अकरा वर्षं!"

दीपगृहवाले खाकरले. "एकदा तुम्ही जास्त बोलला होतात. 'आज धुकं फार आहे, जपून असा.'"

"नियमात नव्हतं ते. मला साहेब ओरडले."

"मी त्या रात्री दिव्याची काच दोनदा पुसली."

डॉक्टरांनी पेट्रोल ओतलं. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी झाकणही हळूच लावलं.

गॅरेजमध्ये मेकॅनिक प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसला होता. त्याने डॉक्टरांनाच गाडीखाली आडवं व्हायला सांगितलं. "डावीकडे तार दिसते का? ती ओढा. ती नव्हे. ती ब्रेकची. तिच्या शेजारची." डॉक्टरांनी शेजारची ओढली आणि सीट गुमान पुढे वाकली. सगळ्याला अर्धं मिनिट लागलं.

"या आई, बाहेर या," डॉक्टर तेलकट हात पुढे करून म्हणाले.

"थांबा हो. यांच्या गोष्टीतलं वादळ अर्ध्यावर आलंय."

वादळ शमायला वीस मिनिटं लागली. तोवर मेकॅनिकचा चहा पिऊन झाला. मग सासूबाई उतरल्या, गुडघे चोळत पण प्रसन्न. डॉक्टरांनी कपाळावरचं तेल पुसलं, छाती भरून श्वास घेतला आणि तीन महिने ओठांवर अडकलेलं वाक्य बोलून टाकलं.

"गाडी मी घेतली!"

दीपगृहवाले खाकरले. "विकायची नाही आता."

"म्हणजे?"

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मीच सांगितलं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "अशी गाडी कुणी विकतं का?"

"पण आई, तुम्ही तर नाही म्हणायला आला होतात!"

"मग? नाहीच झालं की."

घरी बायकोने दार उघडलं, नवऱ्याच्या काळ्या शर्टाकडे पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कारण विचारायचं पहिल्यांदाच विसरली.

पुढच्या रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. सासूबाई केव्हाच तयार होऊन बसल्या होत्या. दीपगृहवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खटका नवा बसवून घेतला होता. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं.

सासूबाईंनी जिन्याकडे वळून पाहिलं. "यायचं असेल तर दोघं मागे बसा. जागा आहे."

जागा फारशी नव्हती. डॉक्टरांचे गुडघे हनुवटीपाशी आले आणि बायकोची कोपरं त्यांच्या बरगडीत रुतली. पण गाडी नदीकाठाला लागली, आणि मागच्या उतरत्या काचेतून ढग डोक्यावरून मागे वाहू लागले. ब्रेक कुणी लावायचा, काटा कुठे आहे, पार्ट मिळतात की नाही, यातलं काहीच त्यांना बघायचं नव्हतं. पुढे दोघांचं बोलणं चाललं होतं, मधूनच कुणी हसत होतं. इंजिनाच्या गुंजनात शब्द काही कळत नव्हते.

बऱ्याच वेळाने बायकोने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आपण घेऊ या का अशी एक?"

"कशाला?" डॉक्टर डोळे मिटूनच म्हणाले. "आहे की ही."