कॉम्प्युटरची राखण

सिस्टरांच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतलं एक बंद घर फुटलं. सिस्टर म्हणजे तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या परिचारिका. घरचे सोडून सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. ऑपरेशननंतर ताईला आठ दिवस पालथं पडून राहायचं होतं. तिची उस्तवार करायला सिस्टर जाणार होत्या आणि यजमानही बरोबर निघणार होते. पण घरफोडीची बातमी आली आणि सिस्टरांचा पाय घरातून निघेना.

"आठ दिवस घर असं उघड्यावर टाकलं तर मला तिथे घास जायचा नाही," त्या म्हणाल्या.

"कॅमेरे लावू," यजमान म्हणाले.

यजमान पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. चालती वस्तू बाजूला ठेवून नवी आणणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. त्यामुळे दोन कॅमेरे घेतल्यावर दुकानदार "रेकॉर्डिंगला वेगळा डबा लागेल" असं म्हणाला, तेव्हा ते नुसते हसले. घरी माळ्यावर चौदा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून ठेवला होता.

तो तिसऱ्या खेपेला सुरू झाला. पडद्यावर अक्षरं उमटली : कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं बटण दाबा.

सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. "आमच्या वॉर्डात असाच एक डॉक्टर होता," त्या म्हणाल्या.

कीबोर्ड धान्याच्या डब्यांमागे सापडला. मग कळलं, की कॉम्प्युटर दर वेळी सुरू झाला की आज चौदा वर्षांपूर्वीची एक जानेवारी आहे असं धरून चालतो. तारीख हाताने घालावी लागे. नाहीतर आज आलेला चोर चौदा वर्षांपूर्वीच येऊन गेला, अशी नोंद झाली असती. त्यानंतर कॅमेऱ्यांच्या वायरी आत घ्यायच्या होत्या. त्या खिडकीतून घेतल्यावर खिडकी तीन बोटं उघडी राहू लागली. यजमानांनी ती आतून सुतळीने बांधली.

"म्हणजे घर राखायला आपण खिडकी उघडी ठेवायची."

"उघडी नाही. किलकिली."

पण खरं दुखणं पुढेच होतं. चार तास चालला, की कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडायचा. यजमानांनी त्याची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. सिस्टरांनी हाताच्या सवयीने कागदावर तक्ता आखला : किती वाजता सुरू केला, कधी तापला, कधी शुद्ध हरपली. दोन दिवसांचा तक्ता त्यांनी यजमानांपुढे ठेवला. जास्तीत जास्त सहा तास, त्यावर गाडी जात नव्हती.

"हा आठ दिवस एकटा कसा राहणार?"

यजमान तक्त्याकडे बघत राहिले. "तू जा. मी थांबतो."

"अहो, घरात माणूस असणार तर कॅमेरे कशाला?"

"आता लावलेत ना," यजमान म्हणाले. आठवडाभर खपून बसवलेलं काढायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. एक तिकीट रद्द झालं.

निघायच्या दिवशी इंटरनेटवाला शेवटची जोडणी करायला आला होता. यजमान टेबलाखाली वायर ओढत असताना तो सिस्टरांना म्हणाला, "तुमच्या फोनवरही टाकून देतो. कॉम्प्युटर चालू असला की दिसेल." सिस्टरांनी फोन पुढे केला. गाडीच्या घाईत यजमानांना हे सांगायचं राहून गेलं.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई पलंगावर पालथी पडली. तिला फरशीच्या दोन चौकोनांखेरीज काही दिसत नव्हतं आणि ती पहिल्याच दिवशी कंटाळून गेली. सिस्टरांनी उशाशी बसून फोन उघडला.

"हे बाहेर आलेत," त्या म्हणाल्या. "कुंड्या सरकवतायत."

"कशाला?"

"एका रेषेत लावतायत. फूटपट्टी आहे हातात."

ताई इतकी हसली, की डोक्याखालची उशी धरून ठेवावी लागली. तेव्हापासून तिला याची गोडी लागली. भावजी शिडीवर चढले, भावजी कॅमेरा पुसतायत आणि नुसतं नाक दिसतंय, भावजींनी सदरा उलटा घातलाय. फोन मात्र रोज ठरल्यासारखा होई.

"कसं आहे?"

"ठीक."

"जेवलात?"

"हो."

"अजून काही?"

"काही नाही. ठेवू?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता यजमान भांग पाडून दारातल्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि बोलू लागले. हातवारे करत चांगली दहा मिनिटं बोलले. आवाज काही येत नव्हता. "कॉम्प्युटरच्या नावाने खडे फोडत असतील," सिस्टर म्हणाल्या. चौथ्या दिवशी पाचला तेच. पाचव्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याला एक कुंडी उचलून दाखवली.

"एकटा माणूस भिंतीशी बोलायला लागला, की लक्षण बरं नसतं गं," ताई फरशीकडे बघत म्हणाली.

सिस्टर हसल्या नाहीत. असे रुग्ण त्यांनी पाहिले होते. सातव्या दिवशी सकाळी दहाला फोनवरचं चित्र काळं झालं. तासभर वाट पाहून त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुपारपर्यंत अकरा वेळा लावला. चारला त्यांनी पिशवी भरायला घेतली, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात यजमान बॅग घेऊन उभे होते.

"त्याच्यातून धूर आला," ते म्हणाले. "आता काही तो उठायचा नाही."

"आणि घर?"

"वायर ओढून काढली, खिडकी लावली, कुलूप घातलं. फोन टेबलावर राहिला."

सिस्टरांनी त्यांना पाणी दिलं, नाडी पाहिली. ठोके नेमके होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "अहो, रोज पाच वाजता कोणाशी बोलत होतात?"

यजमानांचा ग्लास ओठांशीच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

सिस्टरांनी फोन दाखवला. यजमान कानापर्यंत लाल झाले.

"तुझ्याशीच," ते म्हणाले. "रेकॉर्डिंग होतंय, परत आलीस की बघशील, असं वाटलं. फोनवर मला सुचत नाही." मग थोडं थांबून, "पण तू बघतच होतीस तर ऐकलंही असशील."

"त्या कॅमेऱ्यांना आवाज नाही."

यजमानांनी ग्लास खाली ठेवला. "खोक्यावर लिहिलेलं असणार," ते म्हणाले.

"भावजी," पलंगावरून ताईचा आवाज आला, "खुर्ची इकडे ओढा आणि पहिल्यापासून सांगा. मी काही तुमच्याकडे बघू शकत नाही."

यजमानांनी खुर्ची ओढली. बायकोकडे पाहिलं, घसा खाकरला, काही सुचेना. मग त्यांनी नजर उचलून छताच्या कोपऱ्याकडे लावली, केस सारखे केले आणि म्हणाले, "तर, तू गेलीस त्या दिवशी घर फार मोठं वाटायला लागलं."