विस्तवाचे पाच दोर

"हे काय, जंगल जाळायला निघालायस का?" बायकोने विचारलं.

जेवणाच्या टेबलावर एक लायटर, काडेपेटीच्या काड्यांनी भरलेली घट्ट झाकणाची बाटली, एक जाडजूड मेणबत्ती, घासली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी आणि व्हॅसलीनमध्ये मळलेल्या कापसाच्या बोळ्यांचा डबा असं सगळं ओळीने मांडलं होतं. पकडलेल्या मुद्देमालामागे पोलीस उभे राहतात तसा मिस्त्री त्यामागे उभा होता.

"लिफ्टला दोर किती असतात?" त्याने उलट विचारलं.

बायकोने डोळे मिटून घेतले. लग्न ठरल्यापासून ती या प्रश्नाचं उत्तर देत आली होती. "एकावरही चालते. पण तुम्ही पाच लावता."

"का?"

"एक तुटला तर चार असावेत म्हणून. झालं? आता टेबल आवर, ठकूला भरवायचंय."

मिस्त्री उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. हे नाव त्याला कामावर पडलं, सासरच्यांनी ते उचललं आणि बायकोने कायम केलं. दिवसभर माणसांना दोरांवर टांगायचं काम असल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट एकाच दोरावर लोंबकळलेली त्याला बघवत नसे. घरात किल्ल्या चार होत्या आणि चारही वेगवेगळ्या ठिकाणी हरवायच्या.

या वेळी मात्र कारण मोठं होतं. बायको लग्नाआधी डोंगरात भटकायची, तीही बर्फात, तीही एकटी. आता ती पाळणाघर चालवायची. दिवसभर लोकांची पोरं आणि संध्याकाळी आपली ठकू. एकदा भांडी पुसता पुसता ती सहज बोलून गेली होती, "बर्फातल्या डोंगरधारेवर ऊन उतरतं ना, तेव्हा सगळं कसं गप्प होतं रे. तसलं गप्प ऐकून किती दिवस झाले!" एवढं बोलून ती कढई पुसायला लागली. मिस्त्रीने मात्र ते मनात धरलं, आणि थंडीत दोन रात्रींसाठी जंगलातली एक लाकडी खोली मिळवली. मागच्या दारापासूनच डोंगराच्या धारेवर चढणारी वाट. दुपारी पोचायचं, शेगडी पेटवायची, ठकूला त्याने सांभाळायचं आणि ऊन असेतो बायकोने एकटीने धारेवर जाऊन यायचं, असा बेत होता.

"पण आधी शेगडी पेटलेली आणि ठकू उबेत बसलेली मला दिसली पाहिजे," बायकोने बजावलं होतं. "त्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही."

"शेगडीची काळजी तू करूच नकोस," मिस्त्री म्हणाला होता.

पहिला दोर तुटला तो रस्ता सोडून पायवाटेला लागल्यावर लगेच. ठकूला शू लागली आणि तिच्या बर्फाच्या सूटची चेन अडकली. ठकू एका जागी नाचायला लागली.

"मेण दे, मेण!" बायको ओरडली. मिस्त्रीने मेणबत्ती काढली, तिने ती चेनवर घासली, चेन सुटली आणि अब्रू वाचली. पण मेणबत्ती आता ठकूच्या हातात होती. वाटेच्या कडेला तिने बर्फाचा एक बुटका बाबा केला आणि ती त्याच्या तोंडाच्या वर खुपसली.

"ठकू, ती मला दे हं," मिस्त्री गोड आवाजात म्हणाला.

"नाक आहे ते."

"हो, पण आपण त्याला काटकीचं नाक लावू."

"त्याला सर्दी झालीये," ठकू म्हणाली. "नाक नाही तर शिंकणार कसा?"

मिस्त्री मेणबत्ती ओढायला गेला तर ठकूने असा टाहो फोडला की झाडावरचा बर्फ खाली आला. "राहू दे रे," बायको म्हणाली, "चार आहेत ना अजून?" मिस्त्री म्हणाला, आहेत. बुटका बाबा नाक घेऊन मागे राहिला.

रडून ओले झालेले ठकूचे गाल वाऱ्याने फुटून लाल झाले. अर्ध्या वाटेत मिस्त्रीने मागे वळून पाहिलं, तर बायको चालता चालता तिच्या गालांना काहीतरी चोळत होती. हातात त्याचा डबा होता.

"अगं, ते पेटवायला आहे!"

"तिचे गाल पेटलेत, ते आधी विझवू दे." तिने नाकही पुसलं. मग दुसरा गाल, मग पुन्हा नाक. डबा रिकामा झाला तरी नाक वाहतच होतं.

खोलीवर पोचेपर्यंत ठकूचं रडून झालं होतं आणि झोपेने मान टाकली होती. मिस्त्रीने आपलं जाड जाकीट काढून तिला त्यात गुंडाळलं आणि बाकावर ठेवलं. खोली बाहेरपेक्षा गार होती. पण लोखंडी शेगडी होती, सुकी लाकडं रचून ठेवलेली होती, आणि खिडकीतून धार दिसत होती. तिच्यावर पिवळंधमक ऊन पडलेलं होतं. बायको क्षणभर तिकडे बघत राहिली. मिस्त्रीने ते पाहिलं आणि हात चोळत कामाला लागला.

"काड्यांची बाटली दे."

बायकोने बाटली दिली. आत गुलाबी औषध होतं.

"त्याचं काय झालं," ती म्हणाली, "तापाच्या औषधाची बाटली गळत होती. आणि एवढं घट्ट झाकण घरात दुसऱ्या कशालाच नव्हतं."

"आणि काड्या?"

"कागदात बांधल्या की नीट. मोज्यांच्या पिशवीत."

मोज्यांच्या पिशवीत ठकूचे वाटेत भिजलेले मोजेही गेले होते. काड्यांची डोकी मऊ पडून एकमेकींना चिकटली होती.

लिफ्ट अडकली तर आतल्या माणसांशी शांतपणे बोलायचं, हे मिस्त्रीला शिकवलेलं होतं. "हरकत नाही," तो शांतपणे म्हणाला, "कांडी आहे." त्याने लाकडाच्या बारीक ढलप्या काढल्या आणि कांडी घासली. झकास ठिणग्या पडल्या. ढलप्यांवर बसल्या आणि विझल्या. पुन्हा पडल्या, पुन्हा विझल्या. ठिणगी धरायला कापूस लागतो, आणि कापूस ठकूच्या गालांवर लागला होता.

"लायटर कुठाय?" बायकोने विचारलं.

"लायटर गारठला की चालत नाही. म्हणून मी तो अंगाशी, आतल्या खिशात—"

दोघांनी एकदमच बाकाकडे पाहिलं. जाकिटात ठकू गाढ झोपली होती. आतला खिसा बरोबर तिच्या पाठीखाली होता.

"तिला उठवलंस," बायको कुजबुजली, "तर तुझं माझं संपलं."

मिस्त्री गुडघ्यांवर बसला. लिफ्टच्या फटीत पडलेले स्क्रू तो दोन बोटांनी काढायचा. आजवर त्याने एवढा जपून एकही काढला नव्हता. बोटं खिशाच्या तोंडाशी पोचली. तेवढ्यात ठकूने झोपेत कूस बदलली आणि त्याचं बोट मुठीत धरलं.

"सोडव ना," बायको म्हणाली.

"सोडवतो," मिस्त्री म्हणाला, आणि तसाच बसून राहिला. मूठ उबदार होती. खोलीत तेवढीच एक गोष्ट उबदार होती. धारेवरचं ऊन बोटभर वर सरकलं. बायको रागवायला वाकली, तिने ती मूठ पाहिली आणि तीही शेजारी बसली.

शेवटी त्याने दुसऱ्या हाताने लायटर काढला. ठकू हललीही नाही. दोघांचा जीव भांड्यात पडला. मिस्त्रीने ऐटीत अंगठा दाबला. खट्. पुन्हा खट्. बराच वेळ नुसतंच खट्-खट् चाललं.

"तपासला होतास ना?"

"रोज तपासत होतो," मिस्त्री पडलेल्या आवाजात म्हणाला. "संध्याकाळी, गच्चीत. वाऱ्यात टिकतो का ते बघायला."

"रोज?"

"खात्री नको करायला?"

खात्री करता करता गॅस संपला होता.

मिस्त्री शेगडीसमोर खाली बसला. "चल," तो म्हणाला, "उजेड आहे तोवर रस्त्याला लागू. ठकू गारठेल इथे." मग जरा थांबून म्हणाला, "चुकलंच माझं. तुला तुझी धार द्यायची होती गं. एवढं एकच मनात होतं."

बायकोचेच डोळे जरा ओले झाले असावेत, कारण तिने रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला. रुमालाबरोबर एक फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी बाहेर आली.

"ते काय?"

"ठकूचे वापरलेले बोळे. काय जंगलात फेकू? पाळणाघरात पोरांना काय शिकवते मी?"

मिस्त्री ताडकन उठला. "सगळे आहेत?"

"शी! अरे, शेंबूड आहे त्यात."

"नाकाचे ओले. गालाचे चालतील! नाकाचा कुठला आणि गालाचा कुठला?"

मग त्या गार खोलीत दोन मोठी माणसं खिडकीच्या उजेडात एकेक बोळा धरून तपासायला बसली.

"हा नाकाचा."

"कशावरून?"

"आई आहे मी तिची. हा गालाचा, डावा. इथे जरा बिस्किटही आहे."

डावा गाल ढलप्यांखाली गेला. मिस्त्रीने कांडी घासली. ठिणगी कापसावर बसली, विचारात पडल्यासारखी थांबली, आणि एक इवलीशी ज्योत वर आली. दोघांनी श्वास रोखला. ढलपी पेटली, मग काटकी, मग लाकूड. लोखंड कुरकुरत तापायला लागलं.

"जा," मिस्त्री म्हणाला. "अजून ऊन आहे. पळ!"

"दूध फार गरम नको करूस. शेगडीजवळ जाऊ देऊ नको. उठल्यावर आधी पाणी दे, आणि मोजे—"

"अगं, जा ना!"

दार लागलं. दूध कोमट व्हायच्या सुमारास ठकू उठली आणि तिने खोलीभर पाहिलं.

"आई?"

"आई डोंगरावर गेलीये. गप्प ऐकायला."

ठकूने यावर विचार केला. "मी पण गप्प," ती म्हणाली, आणि ओठांवर बोट ठेवून बापाच्या मांडीवर बसली. दोघं शेगडीकडे बघत गप्प ऐकायला लागले. ते फार टिकलं नाही.

"आई," ठकू खिडकीकडे बोट करून म्हणाली.

"आई वर आहे गं, लांब."

"आई!"

मिस्त्रीने वळून पाहिलं. खिडकीच्या काचेला एक लालबुंद नाक टेकलेलं होतं. श्वासाने काच धुरकटली, की एक हातमोजा ती पुसायचा आणि नाक पुन्हा टेकायचं. मिस्त्रीने दार उघडलं.

"गेली नाहीस?"

"गेले की."

"कुठवर?"

"त्या झाडापर्यंत." बायकोने दाखवलेलं झाड दारातून ठकूलाही चेंडू मारता आला असता, एवढ्यावर होतं.

"आणि गप्प होतं का?"

"खूप होतं. अगदी होतं तसंच." ती आत येऊन बूट काढायला लागली. "पण तुम्ही दोघं आत काय करताय ते ऐकूच येईना रे."

धारेवरचं ऊन तेवढ्यात मावळलं. ठकूने आईच्या गार नाकाला आपला तेलकट गाल लावला.

"उद्या त्याच्या पुढच्या झाडापर्यंत जाईन," बायको म्हणाली.

मिस्त्रीने खिडकीतून वर धारेपर्यंतच्या झाडांवर नजर फिरवली. "या हिशोबाने तू माथ्यावर पोचशील तेव्हा ठकू कॉलेजात असेल."

"असू दे," बायको ठकूला मांडीवर ओढत म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"