गाय, गणपती आणि श्रीपादरावांचं कुलूप

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी एका गायीनं शिंगानं फाटकाची कडी उचलली, आत शिरली आणि बाप्पासाठी राखलेली सगळी जास्वंद फस्त करून गेली. दुसरा कुणी असता तर नवी कडी बसवून मोकळा झाला असता. पण हेंद्रेपाड्याचे श्रीपादराव अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी कंट्रोल सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी ठरवलं, फाटकाला स्मार्ट लॉक लावायचं. तेही उन्हापावसाला पुरून उरेल असं.

आता या माणसाची पारख ऐका. कोथिंबिरीची जुडीसुद्धा जो उलटी धरून झटकल्याशिवाय पिशवीत टाकत नाही, तो कुलूप असंतसं घेणार थोडाच? कुठलं कुलूप किती धूळ सोसतं, किती पाणी सोसतं, ते त्यांनी वर्षभर असं घोकलं की संध्याकाळी देवापुढे हात जोडले तरी ओठांवर तेच यायचं. शेवटी स्वारी उल्हासनगरला महेशभाईंच्या दुकानात थडकली.

"साईं, एकदम वॉटरप्रूफ. बिनधास्त घेऊन जा," महेशभाई म्हणाले.

"बादली आहे का?"

"बादली?"

"हो. पाण्यानं भरलेली."

पहिलं कुलूप बुडबुडे सोडत गतप्राण झालं. दुसरं बाहेर काढल्यावर नुसतंच गुरगुरत राहिलं. तिसऱ्यानं मात्र पाण्यातून वर येताच निळा दिवा लावला आणि गोड आवाजात म्हणालं, "कृपया उंगली लगाइए." श्रीपादराव विरघळले. (बघायला आले होते तेव्हा माझ्याकडेसुद्धा असं बघितलं नव्हतं, असं उमाताई अजून सांगतात.)

कुलूप लागलं ते गणपतीला चार दिवस राहिले असताना. सोबत बंदोबस्तही झाला. बाहेरून हात घालून कुणी उघडू नये म्हणून फाटकाला आतून पत्रा मारला. भिंतीवर काचा बसवल्या. फाटक लोटलं की कुलूप आपोआप बंद.

"अहो, माझं बोट कधी घेणार त्यात?" उमाताईंनी विचारलं.

"फेज टू. आधी एका अंगठ्यावर ट्रायल. गणपती झाले की तुझं, मग उन्मेषचं."

"आणि तो नंबर दाबायचा असतो तो?"

"तो ठेवलाच नाही. शेजारचे शिवरामराव गॅलरीतून सगळं बघतात."

चतुर्थीला श्रीपादराव आणि त्यांचा मुलगा उन्मेष कुळगावातून मूर्ती आणायला गेले. मूर्ती शाडूची. कुलूप फोनवरूनही उघडायचं, पण फोन भिजेल म्हणून तो श्रीपादरावांनी घरीच ठेवला. किल्ल्याही घरीच, कपाटात. येताना जो पाऊस लागला तो असा की छत्री असून नसल्यासारखी. मूर्ती छातीशी धरून श्रीपादराव गल्लीत शिरले, तशा उमाताई मोठी छत्री घेऊन धावत बाहेर आल्या. मागे वाऱ्यानं फाटक आपटलं.

"दरवाज़ा बंद हो गया है," कुलूप म्हणालं.

श्रीपादराव नुसते हसले. मूर्ती त्यांनी उन्मेषच्या हातात दिली आणि ऐटीत अंगठा टेकवला.

"कृपया दोबारा प्रयास करें."

सदऱ्याला पुसून टेकवला. उमाताईंच्या पदराला पुसून टेकवला. पण पाण्यात भिजून भिजून अंगठ्याचा मनुका झाला होता, आणि कुलपाच्या ओळखीचा तो सुका, सरळ अंगठा काही केल्या परत येईना. कुलूप वॉटरप्रूफ होतं. अंगठा नव्हता.

"बाबा, पितांबराचा रंग माझ्या बाहीवर यायला लागलाय," उन्मेष म्हणाला. "भिंतीवरून उडी मारू?"

"काचा आहेत."

"मग हात घालून आतून..."

"पत्रा आहे."

शिवरामराव गॅलरीतून ओरडले, "आमच्याकडे आणा की. पण एकदा उंबरा ओलांडला की दीड दिवस बाप्पा आमचा, सांगून ठेवतो."

पाचव्या खेपेला कुलूप म्हणालं, "कृपया थोड़ी देर बाद प्रयास करें," आणि दिवा मालवून बसलं.

"बघितलंस?" श्रीपादराव अभिमानानं म्हणाले. "खुद्द मालकाला आत घेत नाही. असं कुलूप अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचं नाही." पण मग त्यांची नजर मूर्तीवरच्या ओल्या रुमालाकडे गेली. वडिलांपासून चालत आलेला गणपती दारात विरघळला, तर तोंड कुणाला दाखवणार होते ते?

उमाताईंनी छत्री उन्मेषच्या डोक्यावर धरायला शेजारच्या वहिनींना हाक मारली आणि पदर खोचला.

"शिवरामराव, जरा खाली या. अहो, दर वर्षी रंग द्यायला हे फाटक बिजागरीवरून उचलून भिंतीला टेकवतात, ते बघितलंय ना? तुम्ही हे टोक धरा, ते टोक आमचे हे धरतील, मधे मी आहे. हं, गणपती बाप्पा..."

"मोरया," म्हणत तिघांनी जोर लावला आणि दोन्ही झडपांसकट सबंध फाटक वर आलं. कुलपानं त्या झडपा एकमेकींना शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवल्या होत्या, हे कबूल करायलाच हवं.

बाप्पा आत आले. उन्मेषच्या पायांवर पाणी पडलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, रुमाल निघाला. मुखावर एक ओरखडा नव्हता, फक्त पितांबराचा काठ फिका झाला होता. श्रीपादरावांनी मूर्ती चारही बाजूंनी तपासून घेतली.

"क्वालिटी कंट्रोलला तूच हवी होतीस," ते उमाताईंना मनापासून म्हणाले.

दुपारी ऊन पडलं. शिवरामराव कपडे बदलून दर्शनाला आले आणि फाटक नव्हतं तिथे, रस्त्यावरच, मोठ्या अदबीनं थांबून खाकरले. श्रीपादराव लगबगीनं बाहेर गेले, भिंतीला टेकवलेल्या फाटकापाशी वाकले आणि सुका खडखडीत अंगठा कुलपावर ठेवला.

"स्वागत है," कुलूप पहिल्याच फटक्यात म्हणालं.

श्रीपादरावांची छाती फुगली. त्यांनी हात जोडले. "या."

शिवरामराव मात्र एक पाऊल बाजूला सरले.

"आधी हिला जाऊ द्या," ते गायीला वाट देत म्हणाले. "माझ्या आधीपासून थांबलीय."