बाळाचं कौतुक रविवारनंतर

"कुणाच्या पोराची तारीफ करायची असेल तर अगोदर माशाअल्लाह म्हण, मग बाकीचं बोल. ते जमत नसेल तर गप्प बस."

झरीनच्या सासूने, म्हणजे मरियमबींनी, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिला हे सांगितलं होतं. झरीन हसली होती. ती बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. नजरेने हाड मोडत नाही, कॅल्शियम कमी पडलं की मोडतं, असं तिने सासूला समजावलं आणि वर कॅल्शियम कशाकशात असतं तेही सांगितलं. मरियमबींनी बांगड्याचं कालवण ढवळत सगळं ऐकून घेतलं. आता स्वतःच्या लेकीच्या, झोयाच्या कानामागे झरीन रोज सकाळी काजळाचा टिपका लावते हे खरं आहे. पण ती वेगळी गोष्ट. तो टिपका झोयाला शोभतो. कानामागे कुणाला दिसत नसला तरी शोभतो.

तर यंदा खाडी इलेव्हन जिल्ह्याचा कप आणणार, असं झरीनने हंगाम सुरू व्हायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. कप ठेवायला टीव्हीच्या कपाटावर जागाही केली होती. तिथली इस्त्री हलवून.

खाडी इलेव्हन ही आमच्या रत्नागिरीतली फुटबॉलची टीम. आमच्याकडे पोरगा क्रिकेट खेळत नाही म्हटलं की लोक तब्येत विचारतात, त्यामुळे या टीमला बघायला कुत्री सोडून फारसं कुणी येत नसे. गोलकीपर होता झरीनचा नवरा नबील. एरवी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, बोलायला कमी, तेलाचे हात पुसायला जास्त. झोया झाल्यापासून झरीन वर्षभर घरात बसून होती, डॉक्टरच्या खेपा तेवढ्या बाहेर. मग गेल्या हंगामाच्या अगदी शेवटी एका रविवारी ती सहज नवऱ्याची मॅच बघायला गेली आणि जी अडकली ती अडकलीच. दर रविवारी कडेवर झोया आणि खांद्याला पिशवी. पिशवीत डायपर, थर्मामीटर, क्रेप बँडेज, इलेक्ट्रालची पाकिटं आणि डब्यात बर्फ. पोरांना वाटायचं भाबी आपल्यासाठी किती करते! झरीनला मात्र मैदानाकडे बघून धडधडायचं. सगळा जांभ्याचा कातळ. त्यावर पडलेलं पोर उठलं तरी अर्धं कातडं तिथेच राहायचं.

तिला ऑफसाइड कळत नव्हतं. पण कौतुक करता येत होतं, आणि आवाज असा की खाडीतल्या होड्या वाट सोडायच्या.

यंदाच्या पहिल्या मॅचला ती विनीतवर खूश झाली. "विनीत, अरे पाय आहेत की पंखा! असा पळणारा जिल्ह्यात नाही!" विनीत बर्फाच्या कारखान्यात कामाला. मंगळवारी तिथेच पाय घसरला आणि घोटा नारळाएवढा सुजला. पुढच्या रविवारी तिने बचावाच्या शिवाला उचलून धरलं. शिवा म्हणजे भिंत, तिच्यावर तोफ डागली तरी हलायची नाही, असं म्हणाली. शिवा गवंडी. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी आंब्याच्या बागेचा दगडी गडगा बांधताना, त्याच गडग्यावरून खाली आला. त्याला बघायला झरीन सूप घेऊन गेली. तिथे टीममधला रघू भेटला. रघूच्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली, बरं झालं, तू तरी धडधाकट आहेस. रघूला एवढा घोडा झाल्यावर कांजिण्या आल्या.

मग गळतीच लागली. दोघे मस्कतला गेले. एकाचं लग्न ठरलं, तर सासऱ्याने जावयाचे गुडघे ताब्यात घेतले, निकाह होईपर्यंत खेळायचं नाही. एका रविवारी तर मैदानावर सहाच जण उतरले. सातपेक्षा कमी माणसं असली की खेळताच येत नाही, तेव्हा ती मॅच न खेळताच गेली. लीगच्या कमिटीने निरोप धाडला की पुन्हा असं झालं तर खाडी इलेव्हनचं नाव कायमचं काढणार, आणि मैदानाची संध्याकाळ टेनिस क्रिकेटवाल्यांना देणार.

टीम हरत होती आणि झरीन एकही मॅच चुकवत नव्हती. हरणाऱ्या टीमला सोडून घरी बसणं म्हणजे तापाने फणफणलेलं पोर शेजारी ठेवून सिनेमाला जाणं, असं तिचं म्हणणं होतं. आठवडाभर ती पोरांना फोन करायची, दूध प्यायलास का, वाकून मोटारसायकल काढू नको, आणि तू ना, खरंच गुणी खेळतोस. फोन ठेवला की पलीकडचा पोरगा स्वतःचे गुडघे चाचपायचा.

टीमचा कोच मन्सूरचाचा. मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान होता, जन्मभर आभाळाकडे बघून जाळी टाकली. त्याला या सगळ्यातलं वारं केव्हाच कळलं होतं. एका संध्याकाळी तो घरी आला. चहा घेतला, खारी बुडवली, झोयाच्या दाताची चौकशी केली, पावसाचं बोलला. मग बशीकडे बघत म्हणाला, "पोरी, तू टीमला साथ देतेस. खूप देतेस. आता जरा कमी दे."

झरीनला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने नबीलकडे बघितलं. नबील हात पुसत होता. हात कोरडे होते.

झरीन भडकली, पण शेवटी विज्ञानाची बाई. म्हणाली, चाचा, नुसतं बोलू नका, प्रयोग करू. पुढच्या मॅचला ती सावर्डेवाल्यांच्या बाजूला जाऊन बसली आणि त्यांच्या स्ट्रायकरचं असं काही कौतुक केलं की त्याची बायको उठून दुसरीकडे बसली. त्या स्ट्रायकरने तीन गोल केले आणि सावर्ड्याला धडधाकट परत गेला. झालं सिद्ध, माझ्या बोलण्यात काही नाही, असं झरीन म्हणाली. चाचाने मान हलवली. त्याच्या मते उलटंच सिद्ध झालं होतं. तिची नजर परक्यांना लागत नव्हती, फक्त घरच्यांना लागत होती.

त्या दिवसापासून पोरं तिला टाळायला लागली. बाजारात समोरून आली की भाजीच्या टोपल्यांमागे जायची. आणि सापडलंच एखादं, तर तिने तोंड उघडायच्या आत सांगून टाकायचं, भाबी, मी एकदम भंगार खेळतो हां.

आता शेवटची मॅच उरली, गुहागरबरोबर. आणि उभी राहू शकणारी माणसं मोजून सात. सातवा म्हणजे बाळा. बांबूसारखा उंच, वयाने वीसच्या आतबाहेर, टीममधला एकमेव पोरगा ज्याचं कौतुक करायचं अजून राहून गेलं होतं. त्याला जपायचं कसं? झरीनने डोकं चालवलं. कौतुकाने मोडतात ना, मग शिव्यांनी टिकतील. गुरुवारच्या सरावाला ती मैदानावर गेली आणि पूर्ण ताकदीने ओरडली, "बाळा, तुझ्यापेक्षा आमच्या शेजारची म्हैस बरी वळते!"

पोरं हरखली. बाळा तर असा खेळला की चाचाने टोपी काढली. साधं खरचटलंसुद्धा नाही.

फक्त मैदानाच्या कुंपणापलीकडे बाळाची आई, आनंदीबाई, सुकट वाळत घालत होती.

आनंदीबाई बाजारात मासे विकते. तिने एखाद्या गिऱ्हाइकाला नावं ठेवली तर ते गिऱ्हाईक पुढचे सहा महिने डाळच खातं. दुसऱ्या दिवशी झरीन तिच्यापुढे उभी राहिली तर बाईने पापलेटं फडक्याने झाकली. म्हशीच्या आईकडे मासे मिळत नाहीत, म्हणाली. आणि रविवारी बाळा येणार नाही, म्हशीलाच उतरवा, शिंगं आहेत तिला, हेडिंग चांगलं करील.

म्हणजे राहिले सहा. झरीनने पिशवी टेकली आणि तिथेच खाली बसली. विनीतचं लंगडणं ठीक होतं, रघूचे फोड ठीक होते. पण टीमच संपली, तर ती तिच्यामुळे संपणार होती. आणि रविवारी संध्याकाळी ती करणार काय? टीव्हीच्या कपाटावरची रिकामी जागा बघत बसणार?

शनिवारी दुपारी ती सासूला आणि झोयाला घेऊन आनंदीबाईच्या अंगणात गेली. माफी मागायचं घोकून आली होती, पण आनंदीबाईला माफी नको होती.

"ते राहू दे गो. माझा बाळा कसा खेळतो, ते माझ्या तोंडावर बोल."

झरीनने तोंड उघडलं. आईच्या मागे उभ्या बाळाने दोन्ही हात जोडले.

"खेळतो," झरीन म्हणाली.

"खेळतो? एवढंच? आंधळापण सांगेल खेळतो म्हणून."

"बरा..." बाळाने कान पकडले. "म्हणजे, वेळेवर येतो."

"तो काय एस्टी आहे वेळेवर यायला?"

आई घेतल्याशिवाय सोडत नव्हती आणि लेक देऊ देत नव्हता. बाळा आता गुडघ्याला हात लावून, तो मोडल्याचं नाटक करून, आईच्या पाठीमागे हळूहळू खाली बसत होता. शेवटी मरियमबी पुढे झाल्या. त्यांनी आनंदीबाईला अंगणाच्या कोपऱ्यात नेलं आणि कानाशी लागून विनीतपासून कांजिण्यांपर्यंत सगळं सांगितलं. आनंदीबाईचा चेहरा बदलला. अगो मग आधी नाही सांगायचं, म्हणाली, आणि आत जाऊन मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन आली. मरियमबींनी त्यात दोन मिरच्या कमी आहेत म्हणून आणखी मागितल्या. दोघींनी मिळून बाळावरून उतरवून चुलीत टाकलं. ठसक्याने सगळ्यांत जास्त झरीनच खोकली, त्यावर दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं.

बाळा रविवारी खेळणार हे ठरलं. पण आनंदीबाई धंद्याची बाई, आपलं ते सोडणारी नव्हे. "मॅच होऊ दे. मग चार माणसांत सगळं बोलायचं. एक शब्द कमी घेणार नाही मी."

रविवारी सात जण मैदानात उतरले. काचेचं सामान उतरवावं तसे एकमेकांना सांभाळून उतरले. जिंकायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं, शेवटपर्यंत सातही जण पायांवर उभे राहिले की टीम वाचली. गुहागरवाले अकरा, ताजेतवाने. बॉल आला की आमची पोरं बाजूला व्हायची, या, बसा, म्हणाल्यासारखी. नबील एकटा गोलमध्ये इकडून तिकडे उड्या घेत होता. त्याने एक अशी किक अडवली की झरीन ताडकन उठली, आणि सासूने तिची ओढणी गोळा करून तिच्या तोंडात दिली. मॅचचा उरलेला वेळ झरीनने ती चावली. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. पिशवीतला बर्फ वितळून डायपर भिजले. एकदा बाळा पाय धरून खाली बसला, तेव्हा तिने पिशवीतून क्रेप बँडेज उपसलं. बुटाची नाडी सुटली होती.

आणि अगदी शेवटी, आठ गोल खाऊन झाल्यावर, बाळाला मधल्या रेषेवर बॉल मिळाला. बाजूला व्हायचं तो विसरला असावा. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि तिथूनच असा काही मारला की बॉल हवेत वळला, दांड्याला शिवला आणि आत गेला.

कुणी ओरडलं नाही. सात पोरं, मन्सूरचाचा आणि झरीनच्या नजरेची बातमी गुहागरपर्यंत पोचलेली असल्याने समोरची टीमसुद्धा, सगळे झरीनकडे बघत उभे राहिले.

झरीनने तोंडातून ओढणी काढली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरा होता," ती म्हणाली.

गुहागरचा गोलकीपर दुखावला. "अहो ताई, बरा काय? मला दिसलापण नाही!"

शिट्टी झाली. आठ-एकने हरलेल्या टीमने कोचला खांद्यावर घेतलं. लगेच खाली ठेवलं, खांदे जपायचे होते. टीम वाचली होती, मैदानाची संध्याकाळ वाचली होती. झरीन हुश्श करून खाली बसणार, तोच कुंपणाच्या फटीतून आनंदीबाई आली. सोबत मोजून चार माणसं.

"चल गो. बोल आता."

हंगामभराचं साठलेलं होतं. झरीन बोलायला लागली आणि थांबेना. बाळाचा डावा पाय, बाळाचा उजवा पाय, त्याची मान, त्याची कंबर, त्याचा दम, असा पोरगा कोकणात झाला नाही, त्याला बघून दगडसुद्धा बाजूला सरकतो, आणि या सगळ्या टीममध्ये एकटा, एकटा तोच कसा धडधाकट राहिला! आनंदीबाई डोळे मिटून ऐकत होती. तृप्त होऊन तिने झरीनला दोन मोठी पापलेटं दिली. बाळा प्रत्येक वाक्याला थोडा थोडा पांढरा पडत होता. मग आईचा हात धरून, कातळावर एकेक पाऊल चाचपत, घरी गेला.

याला आठवडा होत आला. बाळाचा फोन बंद आहे. नबील म्हणतो चार्जिंग संपलं असेल. झरीनचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तिने विनीतच्या घोट्याला बर्फाचा कारखाना जबाबदार आहे हे सर्वांना पटवून दिलंय. तरीपण दोन दिवस तिला जेवण जात नाही. स्वतः जावं, तर आनंदीबाईला दारातच कळेल की ही कशाला आली.

तेव्हा झरीनची तुम्हाला एक विनंती आहे. भाट्याच्या पुलाकडे जाणार असाल तर अलीकडे निळ्या पत्र्याचं घर लागतं. मासे आहेत का विचारायला म्हणून जा. काही बोलू नका, कुणाची चौकशी करू नका. बाळा अंगणात दिसला तर तेवढं बघून या, दोन्ही पायांनी चालतोय ना.