रावसाहेबांची फेरतपासणी

रावसाहेबांना खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या खडकीला माहीत होतं. कारण ते स्वतःच सांगत! दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. दोष सांगितल्याशिवाय वस्तू खाली ठेवायची नाही, ही सवय निवृत्तीनंतर माणसांनाही लागू झाली. विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, की त्यांचा आवाज चढायचा आणि नजर शेजारच्या नागोरावांकडे जायची.

अशात टीव्हीवर खोटं पकडायच्या यंत्राचा कार्यक्रम सुरू झाला. घरच्यांपासून लपवलेलं सगळं चव्हाट्यावर. धडधाकट माणसं रडत घरी जायची.

"मला बसवा त्या खुर्चीत," रावसाहेब म्हणाले.

"बाबा, कशाला नसती भानगड?" सून उत्कर्षा म्हणाली. ती येरवड्याला सॉफ्टवेअर कंपनीत होती, यंत्रांना ओळखून होती.

"तुझं वांग्याचं भरीत बेचव असतं, हे सहा वर्षं तोंडावर सांगणारा माणूस मी. मला कसली भीती?"

शूटिंग कर्वेनगरच्या एका सभागृहात झालं. बोटांना वायरी, छातीला पट्टा. समोर घरचे आणि अख्खा विहार.

निवेदिकेने आवाज खोल नेला. "शेजारचे नागोराव तुम्हाला मूर्ख वाटतात?"

"हो. मंगळवारीच सांगितलंय त्यांना."

यंत्र म्हणालं, खरं. नागोरावांनीही मान डोलावली.

"मुलगा आनंद बायकोच्या मुठीत आहे, असं वाटतं?"

"वाटतं. त्यालाही ठाऊक आहे."

खरं. तासभर हेच चाललं. लपवलेलं काही सापडेचना! दिग्दर्शक डोकं धरून बसला. शेवटी निवेदिकेने कंटाळून उरलेला प्रश्न विचारला. "सुनेच्या हातचं भरीत खरंच आवडत नाही?"

"अजिबात नाही."

यंत्र म्हणालं, खोटं.

रावसाहेब वायरींसकट उभे राहिले. "यंत्र सदोष आहे."

"मग मी मूर्ख, हेही चुकलंच की," नागोराव म्हणाले.

"ते मला यंत्राशिवाय माहीत आहे."

घरी आल्यावर उत्कर्षा शांतपणे म्हणाली, "यंत्रच चुकलं ना, बाबा? मग तुम्हाला उगाच त्रास नको. उद्यापासून बाहेरचा डबा लावते."

"लाव." माघार घेतील तर ते रावसाहेब कसले!

पहिल्या दिवशी डब्यात बटाटा आला. दुसऱ्या दिवशी तोच, रस्सा घालून. तिसऱ्या दिवशी समोर आनंदच्या ताटात भरीत होतं. रावसाहेबांनी ताठ मानेने बटाटा गिळला. प्रश्न जिभेचा नव्हता, नावाचा होता. सहा वर्षं खोटं बोललो असं कबूल केलं, तर विहारात कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

चौथ्या दिवशी त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि टीव्हीवाल्यांना पत्र लिहायला घेतलं.

"आपल्या यंत्राची चार दिवस फेरतपासणी केली. यंत्र निर्दोष आढळले. दोष तपासनिसात आहे. कळावे.

प्रत माहितीसाठी व तातडीच्या कार्यवाहीसाठी : सौ. उत्कर्षा, स्वयंपाकघर."