शिमोनोसेकीच्या वाळूतील फत्ते

स्वस्ति श्री. जपानच्या रेइवा शकाचे सहावे साल, ऐन थंडीचा मोसम, शिमोनोसेकी बंदरचे मुक्कामी जे तुंबळ युद्ध घडले त्याची हकीकत आम्ही, योइची किनोशिता, नगरकचेरीचे पेन्शनर कारकून, सत्य स्मरून लिहितो. शौर्य थोडके आहे आणि तेही अखेरीस आहे.

आमचे मेहुणे राजश्री शुहेई दोन वेळा परीक्षेत शिकस्त खाऊन तिसरे वेळी फुगू कापण्याचा परवाना मिळवते झाले. फुगू मासा नामांकित विषारी. त्याच्या काळिजाचा कण पोटी गेला तर आधी ओठ बधिर, मग हातपाय, मग इसम खलास. शुहेईंनी किनाऱ्यावर खाणावळ थाटली, परंतु नवशिक्याच्या हातचे खाण्यास चिटपाखरू येईना, आणि मग सासरेबुवांचे फर्मान सुटले की, बंदरकरांदेखत पहिले ताट जावयाने खावे, जावई डगमगला तर खाणावळ बुडाली समजावी. आम्ही पोटदुखी आणि गुडघेदुखी असे दोन वकील रवाना केले, ते नामंजूर होऊन परतले.

मग दोनप्रहरी कूच केले. विषारी भाग पेटीत घालून शुहेईंनी कुलूप ठोकले, ते आम्ही तीनदा ओढून पाहिले. पातळ कापांचे तबक आले आणि आम्ही डोळे मिटून चार काप, मिरची-मुळ्याच्या किसाच्या अख्ख्या गोळ्यासह, मुखी लोटले. ओठांस मुंग्या आल्या.

आम्ही तत्काळ हुकूम केला की, विष उतरविण्याच्या वाडवडिलांचे उपायाप्रमाणे आम्हांस मानेपर्यंत वाळूत पुरावे. कोळी मंडळींनी ही कामगिरी जरा जास्तच हौसेने बजावली.

इतक्यात आमचे कुटुंब चिझुकोबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, फुगू अजून आलाच नाही. ती साधी लेपी मासळी होती. झोंबली ती मिरची."

मंडळी पोट धरून हसली आणि घरची वाट धरू लागली. खरे तबक हाती घेतलेले शुहेई पांढरेफटक पडले.

"भावोजी, आता काय हो?" ते हळूच म्हणाले.

त्या पोराचे तोंड पाहून आम्हांस आमचीच लाज वाटली. पळावे तर पाय वाळूत, हात जोडावे तर तेही वाळूत. मोकळे होते ते तोंड, तेच उघडले.

"भरव," आम्ही म्हणालो.

चिझुकोबाईंनी एक काप आधी आपण खाल्ला, मग आम्हांस भरविला. गोड लागला. मंडळी वाटेतच थबकून घटकाभर आमच्या मुंडक्याकडे पाहत राहिली, मुंडके आणखी मागू लागले, तेव्हा सारी फौज खाणावळीत घुसली.

येणेप्रमाणे किल्ला सर जाहला, निशाण चढले, तबके अपुरी पडली. सेनापतीस उकरून काढण्याचे मात्र मंडळींचे जेवण आटोपेतो कोणासही स्मरले नाही, हेही दफ्तरी दाखल असावे.