बाणाच्या दिशेने

सासूबाई चार दिवसांसाठी आल्या होत्या. जावई ऑफिसात नेमकं करतो तरी काय, असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा रविवारी सकाळी सगळ्यांना टेकडीवरच्या बागेत न्यायचं मी ठरवलं. मी उद्यान विभागात हेडक्लार्क आहे. तिथल्या पायवाटांवरचे एकवीस बाण मी टेबलावर नकाशा पसरून एका बैठकीत मंजूर केलेले आहेत. (टेकडी स्वतः चढलो नव्हतो. चढायला टेबल सोडावं लागतं.)

पहिल्या तीन फलकांपाशी थांबून मी अक्षरांची उंची, रंगाचा दर्जा वगैरे समजावून सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. बायको पुढे चालत राहिली. हे व्याख्यान तिला पाठ होतं.

वर पोचलो, वारा खाल्ला आणि 'बाहेर जाण्याचा मार्ग' हा बाण धरून निघालो. वीस मिनिटांनी पाण्याची टाकी लागली. पुन्हा बाण धरला, पुन्हा टाकी. तिसऱ्यांदा टाकी दिसली तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, ही तीच आहे. मी चिकटवलेलं च्युइंगम अजून ओलं आहे."

शहरातल्या सगळ्या टाक्या एकाच मापाच्या असतात, असं मी तिला सांगितलं. आणि च्युइंगमकडे पाठ करून उभा राहिलो.

टाकीच्या कट्ट्यावर एक दातांचे डॉक्टर घाम पुसत बसले होते. त्यांची ही पाचवी फेरी.

"कोणत्या गाढवाने लावलेत हो हे बाण?" त्यांनी मला विचारलं.

खरं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडायची मला भीती वाटते. म्हणालो, "असेल कोणीतरी टेबलाला चिकटलेला."

लेक काही बोलणार, तोच बायकोने तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं.

एव्हाना सासूबाईंचा गुडघा कुरकुरायला लागला होता. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पावसाचं पाणी काही बाण वाचत नाही. तरी पोचतंच ना खाली?" मग बाणाकडे पाठ फिरवून त्या सुकलेल्या ओघळीने उतरू लागल्या. त्यांच्यामागे डॉक्टर आणि डॉक्टरांमागे आम्ही. दहा मिनिटांत फाटक आलं.

डॉक्टरांनी रखवालदाराकडून तक्रारवही मागून घेतली, पेन उघडलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांचं अक्षर म्हणे फक्त औषधाच्या दुकानात लागतं. मजकूर सासूबाईंनी सांगितला. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढा जावयाचा मान राखला. 'बेजबाबदार' हा शब्द त्यांचा. त्याआधीचा 'कमालीचा' बायकोने घातला. शुद्धलेखन माझं. खाली सही डॉक्टरांची.

सोमवारी वही साहेबांकडे गेली आणि मला बोलावणं आलं. माफीची वाक्यं जुळवतच मी आत शिरलो.

"बाणांचं राहू द्या," साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. "आधी हे वाचा. माणूस दातांचा डॉक्टर आहे, पण काय मुद्देसूद लिहिलंय बघा. आणि अक्षर! नाहीतर तुमचं."